सकाळचा मेल गेला नाही? सर्व्हिस रीस्टार्ट करण्याआधी हे बघा

जळगावच्या एमआयडीसीतली डाळ मिल घ्या, सावद्याकडचं केळीचं ऑफिस घ्या, नाहीतर अमळनेरची एखादी पतसंस्था. कोपऱ्यात एक संगणक असतो आणि त्यावरची एक सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्रॅम, रोज ठरल्या वेळी मेल पाठवत असते. कालच्या डिस्पॅचचा तक्ता दलालांना, भरलेल्या गाड्यांचा रिपोर्ट दिल्लीच्या व्यापाऱ्यांना, थकलेल्या हप्त्याची आठवण सभासदांना. अशी काही सर्व्हिस आहे हे कुणाच्या ध्यानातही नसतं. मग एखाद्या सकाळी फोन वाजतो: "भाऊ, आज मेल उनाच नही."

यावर बहुतेकांचा एकच उपाय असतो, सर्व्हिस रीस्टार्ट करणे. पाच मिनिटांत मेल सुटतात, फोन थांबतात, आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. रीस्टार्टला माझा विरोध नाही, पण त्याची पाळी शेवटची. सर्व्हिस अडकलेली असते तेव्हाच ती कुठे अडकली हे बघता येतं. रीस्टार्ट केली की मेमरीतलं चित्र गेलं, उघडी कनेक्शनं गेली, आणि लॉगमध्ये 'सर्व्हिस स्टार्टेड' एवढीच एक निरुपयोगी ओळ उरली. म्हणून खालचा क्रम पाळा. लिनक्स असो की विंडोज, क्रम तोच.

आधी तक्रार नीट ऐकून घ्या

'मेल आला नाही' या एका वाक्यात निदान पाच वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. कुणालाच आला नाही. काहींना आला, काहींना नाही. उशिरा आला. दोनदा आला. वेळेवर आला, पण आत आकडे परवाचे. यातल्या प्रत्येकीचं मूळ वेगळ्या जागी असतं, म्हणून फोनवरच विचारून घ्या: आणखी कुणाला आला नाही? शेवटचा नीट मेल कोणत्या तारखेचा? स्पॅम फोल्डर उघडून पाहिलं का? त्या शेवटच्या तारखेनंतर ऑफिसात काय बदललं तेही विचारा. नवा राऊटर, बदललेला पासवर्ड, विंडोजचा अपडेट, रात्री गेलेली लाइट. 'काहीच नाही बदललं' असं उत्तर येईल. पुन्हा विचारा.

कुणालाच आला नसेल तर संशय घड्याळावर, सर्व्हिसवर किंवा मेलच्या लॉगिनवर. काहींनाच आला नसेल तर पत्त्यांवर किंवा समोरच्या सर्व्हरवर. आणि मेल बरोब्बर साडेपाच तास उशिरा येत असेल तर बाकी काही न तपासता थेट टाइमझोन बघा.

एकच मेल धरा आणि त्याचा माग काढा

ट्रकचा पत्ता लागेना की ट्रान्सपोर्टवाला सगळ्या गाड्यांची चौकशी करत बसत नाही. एक बिल्टी नंबर घेतो आणि मार्गावरच्या एकेका ठिकाणी फोन लावत जातो. इथेही तेच करायचं. आजचा, एका माणसाचा, एक मेल निवडा. त्याचा मार्ग असा: वेळ झाली की शेड्युलर (ठरल्या वेळी काम सुरू करणारा) जागा होतो, क्यूच्या म्हणजे पाठवायच्या मेलच्या रांगेच्या टेबलात नोंद पडते, वर्कर (प्रत्यक्ष मेल पाठवणारा भाग) ती उचलतो, आपला मेल पुरवठादार तो मेल स्वीकारतो, समोरचा सर्व्हर तो घेतो आणि शेवटी तो इनबॉक्समध्ये किंवा स्पॅममध्ये पडतो.

डेटाबेस उघडून क्यूचं टेबल बघा. आजच्या तारखेची नोंदच नसेल तर शेड्युलर चाललेला नाही. नोंद आहे पण 'पेंडिंग' असेल तर वर्कर झोपलेला आहे. तासन्‌तास 'प्रोसेसिंग' असेल तर वर्कर काम हातात घेऊन मधेच मेला किंवा अडकला. 'फेल्ड' असेल तर शेजारच्या रकान्यातला एररचा मजकूर वाचा, उत्तर बहुधा तिथेच लिहिलेलं असतं. आणि 'सेंट' असेल तर मेल तुमच्या हद्दीबाहेर गेला. सर्व्हिसला हात लावू नका, पुढच्या टप्प्यांकडे वळा.

असं टेबलच नसेल, म्हणजे प्रोग्रॅम रिपोर्ट बनवतो आणि तिथल्या तिथे लूपमध्ये मेल करत सुटतो, तर पहिली दुरुस्ती तीच करा. रिपोर्टचा प्रकार, तारीख, पत्ता, स्थिती, किती वेळा प्रयत्न झाला, शेवटचा एरर, नोंद कधी पडली, मेल कधी गेला आणि मेसेज-आयडी, एवढे रकाने पुरतात. याशिवाय केलेला तपास म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

घड्याळ आणि शेड्युलर

इथे थोडं रेंगाळतो. आपल्या भागात या जागी होणारे घोटाळे पुस्तकात फारसे सापडत नाहीत, आणि त्यातले बरेचसे लाइट जाण्याशी बांधलेले असतात.

संगणक बंद असताना वेळ चालू ठेवतो तो मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२. तो संपला असेल आणि रात्री लाइट गेली, यूपीएसनेही मान टाकली, तर संगणक पुन्हा उठतो तो कित्येक वर्षं जुन्या तारखेत. मग दोन गोष्टी होतात. शेड्युलरच्या हिशेबी आजची सकाळ उजाडतच नाही. आणि मेल सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करताना त्याचं सर्टिफिकेट 'अजून लागू झालेलं नाही' असं दिसतं, जोडणी तुटते. लॉगमध्ये सर्टिफिकेटची तक्रार बघून लोक सर्टिफिकेट बदलायला धावतात. आधी कोपऱ्यातली तारीख बघा.

'इंटरनेट आलं की घड्याळ आपोआप जुळेल' यावर विसंबू नका. डोमेनमध्ये (ऑफिसच्या मध्यवर्ती सर्व्हरच्या ताब्यात) नसलेल्या विंडोज संगणकावर वेळेचा फरक १५ तासांहून जास्त असेल तर मूळ सेटिंगप्रमाणे टाइम सर्व्हिस ती दुरुस्ती करतच नाही. तारीख हाताने जवळपास आणा, मग ती जुळवून घेते. लिनक्सवर 'टाइमडेटसीटीएल' ही आज्ञा द्या; घड्याळ जुळलेलं आहे की नाही आणि टाइमझोन कोणता, दोन्ही एकदम दिसतं. सेल मात्र त्याच दिवशी बदलून टाका.

आता टाइमझोन. क्लाउडवरचा सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतो, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. तिथे 'सकाळी ६' लावलं तर इथे साडेअकरा वाजतात. हे लगेच लक्षात तरी येतं. तारखेचा सापळा जास्त वाईट. पहाटे ५ ला जाणारा रिपोर्ट सर्व्हरच्या घड्याळात आदल्या दिवशीच्या रात्री साडेअकराला निघतो. कोडमध्ये 'कालचे आकडे' म्हणून सर्व्हरच्या तारखेतून एक दिवस वजा केला असेल तर हातात येतात ते परवाचे. मेल वेळेवर, आकडे शिळे, आणि तक्रार येते ती हिशेबात फरक पडला म्हणून! मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या पट्ट्यात लावलेलं प्रत्येक काम या नजरेने तपासा. कोडमध्ये 'एशिया/कोलकाता' हा टाइमझोन स्पष्ट लिहा, सर्व्हरच्या भरवशावर सोडू नका. आणि सर्व्हरचाच टाइमझोन बदलला असेल तर क्रॉनची (लिनक्सवरच्या शेड्युलरची) सर्व्हिस रीस्टार्ट करायला विसरू नका. तोवर ती जुन्याच वेळेने चालते.

क्रॉनच्या बाकीच्या खोड्या थोडक्यात. ठरल्या वेळी संगणक बंद असेल तर क्रॉन ते काम नंतर करत नाही, विसरून जातो. सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) टायमरमध्ये 'पर्सिस्टंट' चालू केलं तर उठल्यावर राहिलेलं काम लगेच होतं. महिन्याची तारीख आणि आठवड्याचा वार दोन्ही भरले तर क्रॉन 'दोन्ही जुळले तर' असं समजत नाही, 'कुठलंही एक जुळलं तर' असं समजतो. १ तारखेला सोमवार असेल तरच जायचा असलेला मेल मग दर सोमवारीही जातो आणि दर १ तारखेलाही. क्रॉनच्या ओळीत टक्क्याची खूण लिहिली तर तिथे ओळ तुटते. तारखेच्या फॉरमॅटमध्ये हे हमखास घडतं, म्हणून तिच्याआधी उलटी तिरपी रेघ द्या. महिनाअखेरचा मेल ३१ तारखेवर लावू नका, पाच महिन्यांत तो जाणारच नाही. १ तारखेला पहाटे लावा आणि मागच्या महिन्याचे आकडे घ्या.

विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये तीन खुणा तपासा. 'युजर लॉग-ऑन असो वा नसो, चालव' ही खूण हवी. 'वेळ चुकली तर जमेल तितक्या लवकर चालव' हीही हवी. आणि 'संगणक एसी पॉवरवर असेल तरच चालव' ही आधीपासून केलेली असते, ती काढा. यूपीएसची यूएसबी वायर संगणकाला जोडली असेल तर विंडोज त्याला बॅटरी समजू शकतं, आणि मग पहाटे लाइट गेलेली असली की यूपीएस शाबूत, संगणक चालू, तरी काम होत नाही. ज्या खात्याच्या नावाने टास्क चालतो त्याचा पासवर्ड बदलला असेल तरी तो गुपचूप बंद पडतो. 'लास्ट रन रिझल्ट'मध्ये शून्याऐवजी दुसरा आकडा दिसला की समजा.

एक नमुना जवळून दाखवतो. केळीच्या एका ऑफिसात सकाळी ६ चा मेल कधी ९:५० ला जायचा, कधी १०:३५ ला, रविवारी जायचाच नाही. इंटरनेटवर संशय, मेल कंपनीवर संशय, सगळं झालं. मेल गेल्याच्या वेळा एका कागदावर उतरवल्या आणि शेजारी सॉफ्टवेअरमधल्या पहिल्या लॉगिनची वेळ लिहिली, तर रोज अर्ध्या मिनिटाचा फरक. दिवाणजींनी संगणकावर सॉफ्टवेअर उघडलं की मेल सुटत होता. मेल पाठवणारं काम वेबसाइटच्या आतच ठेवलेलं होतं, आणि आयआयएसचा (विंडोजच्या वेब सर्व्हरचा) ॲप्लिकेशन पूल, म्हणजे साइट चालवणारी प्रोसेस, २० मिनिटं कुणी फिरकलं नाही की झोपतो. रात्री ऑफिस बंद, साइट झोपलेली, ६ वाजले तरी जागं कोण होणार? आयडल टाइमआउट शून्य करणं आणि स्टार्ट मोड 'ऑलवेज रनिंग' ठेवणं हा तात्पुरता उपाय. खरा उपाय, ते काम वेबसाइटमधून काढून स्वतंत्र सर्व्हिस करणं. वर्डप्रेसवाल्यांनीही हे वाचून ठेवावं. तिथला क्रॉन तर साइटवर कुणी आल्याशिवाय हलतच नाही.

'रनिंग' लिहिलंय, पण काम होत नाही

सर्व्हिसच्या यादीत हिरवं 'रनिंग' दिसणं म्हणजे फक्त प्रोसेस जिवंत असणं. ती काम करते की नुसती बसली आहे, हे तिथे कळत नाही. लॉगमधली शेवटची ओळ किती वाजताची आहे ते बघा. लिनक्सवर 'जर्नलसीटीएल'ला सर्व्हिसचं नाव देऊन आजच्या ओळी मागवा. विंडोजवर इव्हेंट व्ह्यूअर आणि प्रोग्रॅमची स्वतःची लॉग फाइल. शेवटची ओळ 'मेल सर्व्हरशी जोडतोय' अशी असेल आणि तिला सात तास झाले असतील तर दुसरं निदान नको. जोडणीला टाइमआउट, म्हणजे किती वेळ वाट बघायची याची मर्यादा, लावलेला नाही. पायथनच्या एसएमटीपी (मेल पाठवण्याची ठरलेली पद्धत) लायब्ररीत आणि जावामेलमध्ये तुम्ही सांगितल्याशिवाय टाइमआउट नसतोच. मधेच ब्रॉडबँड गेलं तर सर्व्हिस उत्तराची वाट बघत अनंतकाळ बसून राहते. ३० ते ६० सेकंदांचा टाइमआउट लावा. जावामेलमध्ये जोडणीचा, वाचण्याचा आणि लिहिण्याचा असे तीन वेगळे असतात, तिन्ही लावा.

रोज सकाळच्या पहिल्याच मेलला एरर आणि रीस्टार्ट केल्यावर दिवसभर ठणठणीत, असं असेल तर डेटाबेसकडे बघा. मायएसक्यूएल रिकामं बसलेलं कनेक्शन २८,८०० सेकंदांनी, म्हणजे ८ तासांनी, तोडून टाकतं. संध्याकाळी ७ ला शेवटचं काम झालं, सकाळी ६ ला सर्व्हिस तेच जुनं कनेक्शन वापरायला गेली, की 'सर्व्हर हॅज गॉन अवे'. दिवसा आठ तासांची शांतता कधी येत नाही म्हणून हा दोष दिवसा सापडत नाही. मर्यादा वाढवत बसण्यापेक्षा प्रत्येक फेरीला नवं कनेक्शन उघडा आणि काम झालं की बंद करा.

लाइट गेल्यानंतर सर्व्हिस उठतच नसेल तर राऊटर आठवा. लाइट आली की संगणक आणि राऊटर एकदमच चालू होतात, पण राऊटरला लाइन धरायला वेळ लागतो. तेवढ्यात सर्व्हिस सुरू होते, मेल सर्व्हरचं नाव शोधते, सापडत नाही, पडते. सिस्टमडी तिला पुन्हा उठवतो, ती पुन्हा पडते. मूळ सेटिंगमध्ये दोन प्रयत्नांत सेकंदाचा दहावा भागच जातो, आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू होऊन पडली की सिस्टमडी नाद सोडतो. राऊटर तयार होतो तोवर सर्व्हिस कायमची 'फेल्ड' झालेली असते. दोन प्रयत्नांतलं अंतर ३० सेकंद करा, आणि सर्व्हिसला 'नेटवर्क-ऑनलाइन' टार्गेटनंतर सुरू व्हायला सांगा. त्या टार्गेटवर एकट्यावर विसंबू नका, कारण राऊटरची वायर जोडलेली दिसली तरी ते समाधानी होऊ शकतं. विंडोजवर स्टार्टअप प्रकार 'ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट' ठेवा आणि 'रिकव्हरी' टॅबमध्ये तिन्ही जागी 'सर्व्हिस पुन्हा सुरू करा' निवडा. तिथे आधीपासून 'काहीही करू नका' असतं.

डिस्क भरलेली नाही ना हेही एका आज्ञेत बघून टाका. पीडीएफ तयार करून टेंप फोल्डरमध्ये टाकणाऱ्या आणि कधीच न पुसणाऱ्या सर्व्हिस मी भरपूर पाहिल्या आहेत.

क्यू तुंबली असेल तर

दोनशे मेलपैकी पहिले ३७ जातात आणि पुढचे सगळे पेंडिंग, रोज त्याच जागी. अडतिसावा पत्ता बघा. कुठेतरी स्वल्पविराम, शेवटी टिंब, दोन पत्ते एकाच रकान्यात. प्रोग्रॅम तिथे एरर देऊन पूर्ण फेरीच सोडतो. एका मेलचा एरर त्या मेलपुरता पकडा, नोंद 'फेल्ड' करा आणि पुढे चला.

काही पत्ते डोळ्यांना अगदी बरोबर दिसतात, तरी जात नाहीत. व्हॉट्सॲपवरून कॉपी केलेल्या पत्त्यात न दिसणारी चिन्हं येऊ शकतात. मराठी कीबोर्डवर टाइप करणाऱ्या क्लार्ककडून शून्य-रुंदीचा जोडक पत्त्यात शिरतो, किंवा आकडा देवनागरी पडतो. पत्त्याची अक्षरं मोजा: डोळ्यांना २२ दिसतात आणि प्रोग्रॅम २३ म्हणतो, तर चोर सापडला. पत्ता साठवतानाच अशी चिन्हं गाळा. पाठवताना गाळण्यात अर्थ नाही, कारण मग बिघडलेला पत्ता डेटाबेसमध्ये तसाच राहतो.

'प्रोसेसिंग'मध्ये अडकलेल्या नोंदींसाठी एक नियम कोडमध्ये असू द्या: १५ मिनिटांहून जास्त वेळ त्या स्थितीत असेल तर परत 'पेंडिंग', प्रयत्नांचा आकडा एकने वाढवून. पाच प्रयत्नांनंतर 'फेल्ड', आणि पुढे माणसाने बघायचं.

मेल सर्व्हर काय म्हणाला ते शब्दशः वाचा

एसएमटीपीच्या उत्तरातला पहिला आकडा सगळं सांगतो. ४ ने सुरू होणारा कोड म्हणजे 'आत्ता नाही, नंतर या'. ५ ने सुरू होणारा म्हणजे 'नाही'. सर्व्हिसने हा फरक पाळलाच पाहिजे. ४५१ ला थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा. काही सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा मुद्दाम परत लावतात आणि दुसऱ्यांदा आला की घेतात. ५५० ला तोच मेल पुन्हापुन्हा पाठवत राहिलात तर तुमच्या डोमेनची (पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाची) पत खराब होते.

५३५ म्हणजे लॉगिन नाकारलं. जीमेलमधून पाठवत असाल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही. वैयक्तिक खात्यांसाठी गूगलने ती सोय मे २०२२ अखेर बंद केली. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. आणि एक गोष्ट मालकाला आधीच सांगून ठेवा: खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की जुने ॲप पासवर्ड रद्द होतात. शेठच्या मुलाने रविवारी फोनवरून पासवर्ड बदलला की सोमवारी सकाळी मेल बंद. 'काहीच नाही बदललं' याचा अर्थ बऱ्याचदा हा असतो.

'डेली सेंडिंग' असे शब्द असलेला ५५० आला तर दिवसाची मर्यादा संपली. साध्या जीमेलला दिवसाला ५००, वर्कस्पेसला २,०००. पतसंस्थेच्या हजार सभासदांना महिन्याच्या ५ तारखेला एकदम आठवण पाठवायची असेल तर साधं जीमेल हे त्याचं साधन नव्हे. व्यवहारासंबंधीचे मेल पाठवणारी स्वतंत्र सेवा घ्या.

जोडणीच होत नसेल तर पोर्ट (जोडणीच्या दाराचा नंबर) बघा. २५ नंबर हा सर्व्हर-सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीचा. बरेच क्लाउडवाले आणि ब्रॉडबँडवाले तो बंद ठेवतात. आपल्यासाठी ५८७, स्टार्टटीएलएससह (आधी साधी जोडणी, मग ती सुरक्षित करणं), किंवा ४६५, ज्यात पहिल्यापासूनच टीएलएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, असतं. दोघांची अदलाबदल केली की जोडणी एकतर एरर देऊन तुटते, नाहीतर नुसती वाट बघत बसते. सर्व्हिसच्या बाहेरून, त्याच संगणकावरून, 'ओपनएसएसएल'ने ५८७ वर हाताने जोडून बघा. हाताने जोडलं जातं आणि सर्व्हिसला जोडता येत नाही, तर दोष सर्व्हिसच्या सेटिंगचा किंवा ती ज्या खात्याखाली चालते त्याचा. हातानेही जुळत नसेल तर फायरवॉल, अँटिव्हायरस, लाइन.

अटॅचमेंटचं वजनही बघा. जीमेलची मर्यादा २५ एमबी, पण मेलमध्ये जाताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते. २० एमबीची पीडीएफ म्हणूनच परत येते.

'सेंट' आहे, पण पोचला नाही

'सेंट' म्हणजे पुरवठादाराने मेल स्वीकारला, एवढंच. ज्या खात्यातून मेल जातो त्याचा इनबॉक्स उघडा. परत आलेल्या मेलचे ढीग तिथे न वाचता पडलेले असतात. मग ज्याला उशिरा मिळाला त्याच्याकडून मेलचं मूळ रूप मागवा, जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल'. त्यातल्या 'रिसीव्हड' ओळी खालून वर वाचत जा. प्रत्येक ओळ म्हणजे एक टप्पा, शेवटी वेळ लिहिलेली. कोणत्या दोन ओळींमध्ये चाळीस मिनिटं गेली ते स्पष्ट दिसतं. वेळांचे टाइमझोन वेगवेगळे असतात, वजाबाकी करताना ते सांभाळा.

स्पॅममध्ये जात असेल तर त्याच पानावर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (मेल खरंच त्या डोमेनकडून आला का, याच्या तीन तपासण्या) यांच्यापुढे 'पास' आहे का बघा. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू याबाबतीत कडक झाले आहेत. नेहमी आढळणारा दोष म्हणजे एकाच डोमेनला दोन एसपीएफ नोंदी: एक वेबसाइटवाल्याने टाकलेली, एक मेलवाल्याने. दोन असल्या की दोन्ही बाद धरल्या जातात. एकात एक मिळवून एकच ठेवा, आणि तिच्यातून होणाऱ्या डीएनएस (इंटरनेटवरच्या नावांची नोंदवही) चौकश्या दहाच्या आत राहू द्या. 'फ्रॉम'मध्ये जीमेलचा पत्ता लिहून दुसऱ्याच सर्व्हरवरून मेल पाठवायचा प्रकार तर आजच बंद करा.

दोनदा गेला

पहिला प्रश्न: जुना संगणक अजून कुठे चालू आहे का? नवा सर्व्हर बसवला, जुना गोदामात 'असू दे' म्हणून ठेवला, आणि तोही इमानेइतबारे मेल पाठवतोय. दुसरं कारण सूक्ष्म आहे. समोरच्याने मेल घेतला, पण 'घेतला' हे उत्तर यायच्या आत लाइन तुटली. सर्व्हिसला वाटलं गेला नाही, तिने पुन्हा पाठवला. हा धोका पूर्ण संपत नाही, कमी होतो. टेबलात रिपोर्टचा प्रकार, तारीख आणि पत्ता मिळून युनिक किल्ली ठेवा म्हणजे एका दिवशी दुसरी नोंदच पडणार नाही. दोन वर्कर असतील तर नोंद उचलताना ती लॉक करा. मायएसक्यूएल ८ आणि पोस्टग्रेमध्ये 'स्किप लॉक्ड' त्यासाठीच आहे.

आता रीस्टार्ट, पण या क्रमाने

लॉगची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. शेड्युलर थांबवा. पेंडिंग नोंदी तारखेप्रमाणे मोजा. परवाचा भाव किंवा कालच्या गाडीचा रिपोर्ट आज पाठवून कुणाचं भलं होत नाही. अशा नोंदींना 'मुदत संपली' अशी स्थिती द्या, डिलीट करू नका. हप्त्याच्या आठवणीचं वेगळं: मधल्या दोन दिवसांत ज्यांनी भरणा केला त्यांना आता आठवण गेली तर संस्थेच्या काउंटरवर भांडण उभं राहतं, म्हणून शिल्लक पुन्हा तपासूनच त्या नोंदी सोडा. मग फक्त स्वतःच्या पत्त्याची एक नोंद पेंडिंग ठेवून सर्व्हिस चालू करा. ती पोचली की दहा सोडा, त्यानंतर बाकीच्या, दर मिनिटाला ठरावीक वेगाने.

कोड बदलून बघायचा असेल तर खऱ्या यादीवर प्रयोग नको. 'मेलपिट' सारखा नकली मेल सर्व्हर संगणकावर बसवा. तो सगळे मेल गिळतो, बाहेर एकही जाऊ देत नाही आणि मेल कसा दिसेल ते ब्राउझरमध्ये दाखवतो.

पुढच्या वेळी ग्राहकाआधी तुम्हाला कळावं म्हणून

मेल ६ ला जातो ना? मग ६:२० ला एक वेगळं, छोटं काम लावा. ते टेबलात बघेल: आजच्या तारखेच्या किती नोंदी, किती 'सेंट', किती 'फेल्ड'. आकडा अपेक्षेपेक्षा कमी असेल तर तुमच्या फोनवर एसएमएस किंवा टेलिग्रामचा मेसेज. मेलने इशारा पाठवू नका. मेलच बंद असल्याची खबर मेलने कशी येणार? हे काम त्याच संगणकावर ठेवूनही भागत नाही, कारण लाइट गेली की दोन्ही गप्प. बाहेरच्या एखाद्या सेवेला सर्व्हिसने रोज यशस्वी फेरीनंतर एक हाक द्यायची, आणि ठरल्या वेळेत हाक आली नाही तर त्या सेवेने तुम्हाला उठवायचं, ही रचना सगळ्यात भरवशाची.

आणि यूपीएसवर फक्त संगणक नको, राऊटर आणि ब्रॉडबँडचा डबाही घ्या. मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाच्या पुढे असताना, पत्र्याच्या शेडमधल्या यूपीएसची बॅटरी लवकर उतरते. उन्हाळ्याआधी एकदा मेन स्विच बंद करून ती किती मिनिटं टिकते ते घड्याळ लावून बघा, आणि बॅटरी संपायच्या आत संगणक स्वतःहून व्यवस्थित बंद होईल अशी सेटिंग करून ठेवा. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) 'लाइट आली की आपोआप चालू हो' हा पर्यायही त्याच वेळी लावून टाका, म्हणजे पहाटे साडेचारला लाइट परतली तर बटण दाबायला रखवालदाराला उठवावं लागणार नाही.